तीन शाहीर, एक डफ आणि आपली एमआयडीसी

मागच्या १ ऑगस्टला निगडीत अण्णाभाऊंच्या पुतळ्यापाशी बातमीसाठी गेलो होतो. गर्दी भरपूर होती, डीजे दणकत होता. शेजारी कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा उभा होता. चाकणला ट्रेनी आहे, गाव परभणीकडचं. त्याने विचारलं, "दादा, अण्णाभाऊ लेखक होते ना? मग ते गायचे पण, असं आमचे आजोबा का म्हणतात?"

त्याला तिथे धड उत्तर देता आलं नाही, कारण आवाजात काही ऐकूच येत नव्हतं. म्हणून आज लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

आजोबा बरोबर म्हणत होते. १९४४ साली मुंबईत तिघांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' काढलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. आजच्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर हा बँडच होता. लिहिणारे स्वतःच, गाणारेही स्वतःच. डफ, तुणतुणं, ढोलकी आणि मागे झीलकरी. स्टेज नसेल तर चाळीचं पटांगण चालायचं.

हे तिघे कोण होते बघा. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळा नावापुरती. दुष्काळाने आणि गरिबीने घर सोडायला लावलं, मुंबईत मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. आईच्या ओव्या ऐकत वाढलेला हा माणूस गायला उभा राहिला की अफाट गर्दी गप्प व्हायची. गव्हाणकर तिसरे, स्वतःही शाहीर आणि पोवाडे लिहिणारे. एक मांग, एक मुसलमान, आणि तिघांचा डफ एक. १९४४ साली हे साधं नव्हतं, आजही नाही.

त्यांनी गायलं काय? बातम्याच गायल्या म्हणा ना. अण्णाभाऊंनी स्टॅलिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर रचला, अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला त्यावरही रचला. ज्याला पेपर वाचता येत नव्हता त्या कामगाराला जगात काय चाललंय ते डफावर कळत होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस म्हणून सांगतो, इतकी थेट बातमीदारी आम्हाला कुणी शिकवली नाही.

आणि त्यांनी जुना साचा मोडला, पण फेकून नाही दिला. तमाशाचा बाज तोच ठेवला. फक्त गणात देवाच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आले, गवळण काढून टाकली, आणि वगात राजाच्या जागी शेठजी, पुढारी, सावकार उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावंच बघा. लोक हसायचे आणि घरी जाताना विचार करायचे.

परदेशात हेच वेगळ्या रूपात झालं. १९७६ ला लंडनमध्ये 'द क्लॅश' नावाचा बँड निघाला. त्यांनीही जुनं रॉकाबिली, जमैकाचं रेगे असं लोकांच्या ओळखीचं संगीत घेतलं आणि त्यात बेकारी, पोलीस, वंशभेद हे विषय भरले. दहा वर्षांत फुटले. आपल्याकडे हा प्रयोग त्याच्या तीस वर्षं आधी झाला होता. आणि तोही फुटला.

का फुटला? पहिलं कारण सरकार. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही आणली. अण्णाभाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली आणि खेळ चालू ठेवला. नाव बदललं, धार नाही. पण कार्यक्रमाच्या रात्री पोलीस येणार का नाही, या टांगणीवर पथक किती दिवस चालणार?

दुसरं कारण घरातलं. पथक कम्युनिस्ट पक्षाच्या सावलीत वाढलं होतं. पक्षाची शिस्त एकीकडे आणि कलावंताचा स्वभाव दुसरीकडे. पुढे अमर शेखांनी आपलं वेगळं कलापथक काढलं. तीन मोठे आवाज एका डफावर कायमचे राहत नाहीत, हे कुठल्याही बँडला विचारा.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त बोचतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी रान उठवलं. 'माझी मैना' ही छक्कड तर घरोघर पोचली. गावी राहिलेल्या बायकोचा विरह सांगता सांगता अण्णाभाऊ बेळगाव, कारवार, निपाणीच्या विरहावर येतात. १ मे १९६० ला राज्य मिळालं. मंत्रालयं भरली, आणि शाहिरांचं काम 'संपलं'. चळवळीला आवाज लागतो, सत्तेला हारतुरे लागतात.

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिणारा, १९६१ ला राज्य पुरस्कार मिळवणारा माणूस हलाखीत गेला. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. वय ५२.

आता आपल्याकडे या. पिंपरीत एचए १९५४ ला आली, एमआयडीसी १९६२ ला स्थापन झाली, टेल्को त्याच दशकात. म्हणजे गंमत बघा, आपला पट्टा जन्माला येत होता तेव्हाच कामगारांचं हे पथक विझत होतं. मुंबईच्या गिरणगावाला आधी शाहीर मिळाले. १९८२ च्या संपात गिरणगाव कोसळलं, तरी त्याची गाणी मागे राहिली. आपल्याला कारखाने मिळाले, युनियन मिळाल्या, कामगार कल्याणच्या भजन आणि नाट्य स्पर्धा मिळाल्या. पण आपल्या शिफ्टचं, आपल्या बसथांब्याचं गाणं?

महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत एकेका खोलीत चार-पाच पोरं राहतात. आज काम आहे, उद्या गेटपास बंद. अण्णाभाऊंची मैना गावावर होती, यांचीही गावावरच आहे, फक्त आता व्हिडिओ कॉल आहे. तेव्हाचा माणूस निदान चाळीच्या पटांगणात चारचौघांत बसून आपलीच गोष्ट ऐकायचा. आजचा पोरगा हेडफोन लावून एकटा झोपतो. युनियन नसलेल्या माणसाला गाणंही नसेल, तर त्याने आपलं दुखणं सांगायचं कुठे?

डीजेला माझा विरोध नाही, जयंती आनंदानेच व्हावी. पण ज्याच्या जयंतीला आपण नाचतो तो डफावर काय म्हणत होता, हे दहा मिनिटं तरी ऐकू द्या. २०२२ ला मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, छान झालं. निगडीतला पुतळा तर आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे.

एक विनंती. तुमच्या घरात एचए, टेल्को किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीतून रिटायर झालेले कुणी असतील, ज्यांनी गेट मीटिंगला गाणं म्हटलं असेल, पोवाडा रचला असेल, तर आज त्यांच्यासमोर बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. आणि मला कळवा. मी घरी येईन, ऐकेन आणि लिहीन.

त्या परभणीच्या पोराचा नंबर घ्यायचा राहिला. ही पोस्ट फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचली तर बरं होईल. भाऊ, तुझे आजोबा खरंच सांगत होते.