'टँग'चा चोविसावा टॉर्पेडो

२६ मार्च १९४४
पलाऊच्या उत्तरेला 'टलिबी' ही अमेरिकी पाणबुडी स्वतःच सोडलेल्या टॉर्पेडोने बुडाली. एकच खलाशी वाचला आणि तो जपान्यांच्या कैदेत गेला. त्यामुळे तिचा घात कशाने झाला हे तिच्या नौदलाला युद्ध संपेपर्यंत कळलंच नाही.

२४ सप्टेंबर
'टँग' ही दुसरी अमेरिकी पाणबुडी पर्ल हार्बर सोडते. कप्तान रिचर्ड ओकेन, ८७ माणसं, २४ टॉर्पेडो. अमेरिकी टॉर्पेडोंनी आपल्याच खलाशांना फार छळलं होतं. मार्क १४ टॉर्पेडो ठरल्यापेक्षा सुमारे १० फूट खोल धावायचा, त्याचा चुंबकीय स्फोटक अवेळी फुटायचा किंवा फुटायचाच नाही, आणि जहाजावर काटकोनात आदळला तर आतली पिन वाकायची. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा' या पाणबुडीने जागच्या जागी थांबलेल्या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले. बहुतेक नुसतेच आदळले. तक्रार करणाऱ्या कप्तानांनाच नेम चुकल्याबद्दल बोल लावला गेला, याचा आजही संताप येतो. 'टँग'वरचा विजेवर चालणारा मार्क १८ मात्र नवा होता. जर्मन टॉर्पेडोवरून बनवलेला, पाण्यावर बुडबुड्यांची रेघ न सोडणारा.

२४ ऑक्टोबर, अंधार पडताना
तैवानची सामुद्रधुनी. रडारवर मोठा जपानी ताफा दिसतो. तेलवाहू जहाजांच्या डेकवर विमानं लादलेली. संशय आलेलं एक रक्षक जहाज प्रखर दिवा लावून इशारे करतं आणि त्या उजेडात आपलाच ताफा उघडा पाडतं.

रात्री
'टँग' पृष्ठभागावरूनच ताफ्यात शिरते. पुढच्या नळ्यांतून सहा टॉर्पेडो, मग मागच्या नळ्यांतून मारा. एक मालवाहू जहाज जखमी होऊन अडकून पडतं. 'टँग' दूर सरकते.

मध्यरात्र उलटल्यावर
उरलेले दोन टॉर्पेडो पुन्हा तपासले जातात. जे माणसाच्या हातात होतं ते सगळं केलं गेलं.

२५ ऑक्टोबर, २:३०
जखमी जहाजावर सोडलेला तेविसावा सरळ जातो. चोविसावा सुटतो, पाण्याबाहेर उसळतो आणि डावीकडे वळू लागतो. वळतच राहतो. भरकटून उलट फिरलेल्या टॉर्पेडोला निकामी करणारी कसलीही सोय मार्क १८ मध्ये नव्हती. ओकेन पूर्ण वेग मागतो, पाणबुडी वळणातून निसटू पाहते.

सुमारे २० सेकंदांनी
मागच्या टॉर्पेडो-कक्षाजवळ स्फोट. मागचे तीन कप्पे भरतात, 'टँग' १८० फुटांवर तळाला टेकते.

त्यानंतर
आतली माणसं गुप्त कागद जाळून पुढच्या कक्षात जमतात. वर जपानी जहाज डेप्थ चार्ज टाकत असतं. बॅटरीला आग लागते, भिंतीचा रंग वितळून ओघळतो. मोमसेन लंग हे श्वसनयंत्र लावून १३ जण बाहेर पडतात. त्यांतले पाचच वर पोचून तग धरतात. ब्रिजवरचे तिघे आणि कॉनिंग टॉवरमधला एक अधिकारी रात्रभर पोहत राहतात.

सकाळी
एक जपानी जहाज या नऊ जणांना उचलतं. त्यांत ओकेन आहे. ७८ गेले. जहाजावर त्यांना मारहाण करणाऱ्यांत आदल्या रात्री 'टँग'ने बुडवलेल्या जहाजांवरची भाजलेली माणसंही होती.

१९४५
ओकेन सुटून आला तेव्हा हकीगत कळली. सुकाणू अडकलं की दिशा राखणारा जायरो बिघडला, हे ठरवायला टॉर्पेडोचा तुकडाही हाती नव्हता. पण 'टलिबी'ची गोष्ट आधी कळली असती, तर हा धोका 'टँग' निघण्यापूर्वी कुणाच्या तरी टेबलावर आला असता.