भुयारात कोण राहतं?

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल, तर पहिल्याच भागातलं ते तळघर आठवेल. चार पोरं, एक टेबल, फासे आणि डेमोगॉर्गन. तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डी अँड डी. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आपण काय करतो ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमचा गट सहा जणांचा आहे. गेली दोन वर्षं सूत्रधार मी आहे, आणि आमचा खेळ आमच्याच गावात घडतो.

गाव म्हणजे तसं मोठं शहर. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर औरंगाबाद, नव्या कागदपत्रांवर छत्रपती संभाजीनगर, आणि खेळाच्या वहीवर खडकी. खडकी का, ते पुढे येईलच.

आपलं गाव खेळात घ्यायचं ही काही माझी अक्कल नाही. हा खेळ जन्मालाच तसा आला. १९६९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या मिनिसोटा राज्यात, मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत, लुटुपुटूच्या लढाया खेळणारा एक गट होता. टेबलावर इवलेसे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि नेपोलियनच्या काळातल्या लढाया पुन्हा लढायच्या. त्यांच्यातल्या डेव्हिड वेसलीने एकदा लढाई बाजूला ठेवून ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि प्रत्येकाला त्या गावातला एकेक माणूस दिला. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. झालं असं, की लढाई राहिली बाजूला आणि मंडळी कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागली, सौदे करायला लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध लावलं. वेसलीला वाटलं खेळ पार हातातून गेला. बाकीचे विचारत होते, परत कधी खेळायचं?

वेसली पुढे सैन्यात गेला आणि गटातल्या डेव्ह आर्नेसनने सूत्रं घेतली. १९७१ मध्ये त्याने ब्लॅकमूर मांडलं. वर किल्ला, भोवती गाव, खाली भुयारं. किल्ला म्हणजे प्लॅस्टिकचं एक तयार मॉडेल होतं. नाव काल्पनिक असलं तरी वस्ती मात्र ओळखीची होती. गटातल्या डेव्हिड फँटचं पात्र पुढे 'सर फँग' नावाचा व्हॅम्पायर झालं. तो कुणालाच आवरेना. मग माइक कारच्या पात्राला, म्हणजे गावच्या धर्मगुरूला, असल्या भुतांशी दोन हात करण्याची शक्ती देण्यात आली. आज डी अँड डीमध्ये 'क्लेरिक' म्हणून जे पात्र मिळतं त्याचा उगम हा. ब्लॅकमूरचा मोठा शत्रू 'एग ऑफ कूट', तेही ग्रेग स्कॉट या ओळखीतल्याच खेळाडूच्या नावाची मोडतोड करून केलेलं.

या खेळाच्या इतिहासातला हा मला सगळ्यात आवडणारा तपशील. पहिलावहिला व्हॅम्पायर त्याच खोलीत बसून खेळत होता. त्याला मारायचं तर त्याच्याकडे बघून मारावं लागत होतं, आणि खेळ संपल्यावर त्याच्याबरोबरच घरी जायचं होतं.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन हा खेळ घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गेला. शिकागोच्या श्रीमंतांनी उन्हाळ्यात हवा खायला यावं, असं तळ्याकाठचं छोटं गाव. तिथे गॅरी गायगॅक्स राहायचा. त्याने खेळ पाहिला आणि लगेच आपलं भुयार काढलं: ग्रेहॉकचा किल्ला. त्यात सगळ्यात आधी उतरली ती त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि एलिस. गायगॅक्सचा जन्म शिकागोचा, वाढला लेक जिनिव्हात. गावातल्या एका ओसाड सॅनेटोरियमखालच्या बोगद्यांमधून तो लहानपणी हिंडलेला. सुरुवातीला ग्रेहॉकचं जग त्याने चक्क उत्तर अमेरिकेच्या नकाशावर बसवलं होतं. ग्रेहॉक शहर शिकागोच्या जागी आणि शेजारचं डायव्हर्स मिलवॉकीच्या. शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने राज्यं आखायची आणि दोस्तांना वाटून टाकायची, तसंच.

१९७४ मध्ये डी अँड डी छापून आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. छापताना एक गोष्ट बदलली, आणि ती कुणी मुद्दाम बदलली असं मला वाटत नाही. ओळखीचे दोस्त पुस्तकात मावणार नव्हते, त्यामुळे भुयारं, राक्षस आणि खजिना एवढं शिल्लक राहिलं. बाहेरून चार जण येतात, खाली उतरतात, तिथे जे राहतात त्यांना मारतात, त्यांचं सोनं घेऊन वर येतात. वर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण. तुमचं पात्र मोठं होतं ते या गुणांवर. खाली राहणाऱ्यांचं काय, ते तिथे कधीपासून होते, हे विचारायची सोय त्या हिशोबात नव्हती. जंगलातल्या ऑर्कबद्दल कोण विचारतो?

पण नकाशा खऱ्या गावाचा असला की विचारणारे निघतात. १९९१ मध्ये 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ आला. याची कल्पना सुचली आदल्या वर्षी, मार्क राइन-हेगन आणि त्याचे साथीदार 'जेन कॉन' या खेळाडूंच्या वार्षिक जत्रेला गाडीने निघाले होते तेव्हा. मूळ पुस्तकात नमुन्यादाखल जे गाव दिलं ते इंडियाना राज्यातलं गॅरी. १९०६ मध्ये पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं, मग कारखान्यातले रोजगार आटत गेले तसं रिकामं होत गेलेलं, बहुसंख्य काळ्या लोकांचं शहर. बंद पडलेल्या इमारती, धुरकट आभाळ. व्हॅम्पायरच्या गोष्टीला फर्मास. महामार्गावरून जाणाऱ्याला ते तसं दिसणारच. तिथल्या शाळेत पोरं सोडायला जाणाऱ्या बाईला ते कसं दिसत असेल, हा प्रश्न त्या पुस्तकाचा नव्हता.

याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं एक पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्यात चेचन्याचा भाग होता. चेचन्यात समलिंगी पुरुषांना पकडून त्यांचा छळ केल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. पुस्तकात तो छळ म्हणजे व्हॅम्पायरांच्या राजकारणावर घातलेलं पांघरूण दाखवला होता. खेळणाऱ्यांनीच गदारोळ केला. मालक कंपनीने माफी मागितली, तो भाग काढून टाकला आणि पुस्तकं काढणाऱ्या शाखेचा स्वतंत्र कारभारच बंद केला. 'गोष्टच तर आहे' असं म्हणणारेही होते. मला ते पटत नाही. कोठडीत मार खाणाऱ्या माणसाला, तुझ्या मारामागे खरं म्हणजे एक भूत आहे, असं सांगणं म्हणजे मारणाऱ्याला सोडून देणं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या शहराचा नकाशा टेबलावर पसरला. भुयारांसाठी याहून चांगलं गाव शोधून सापडणार नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली आणि जमिनीखालून पाणी आणलं, तीच नहर-ए-अंबरी. उत्तरेकडच्या डोंगरांत झिरपणारं पाणी बांधीव भुयारी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, गावातल्या हौदांपर्यंत. साफसफाईला माणूस उतरेल अशी तोंडं वाटेत ठेवलेली. नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. त्यांतली एक पाणचक्कीवर येते, तिथे पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. पाणचक्कीचा मोठा हौद तुम्ही पाहिला असेल. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी आणि खाली गारव्याला बसायची जागा. कुठल्याही डी अँड डीच्या पुस्तकात या दालनात सहा हात असलेला काहीतरी प्राणी बसवला असता. इथे थकलेले वाटसरू टेकायचे.

पाणचक्की अठराव्या शतकातली, म्हणून ती आमच्या खेळात नाही. आमचा खेळ १६२४ चा. तेव्हा गावाला कोटही नव्हता, तो औरंगजेबाने नंतर बांधला. 'बावन्न दरवाजांचं शहर' म्हणून आम्ही मिरवतो त्यातला भडकल दरवाजा तेवढा उभा होता, १६१२ चा. पहिल्याच दिवशी एकीने सांगितलं, "मी पैठण गेटने निघते." म्हटलं, बाई, अजून गेटच नाहीये. मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर काय होतं आणि काय नव्हतं याचीच भांडणं. जन्मभर ज्या गल्लीतून गेलो तिचं वय किती, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं.

१६२४ निवडायला कारण आहे. खडकी तोवर मोगलांनी दोनदा उद्ध्वस्त केली होती, १६१६ मध्ये आणि १६२१ मध्ये. गाव पुन्हा उभं राहत होतं. त्या वर्षी नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही या दोघांच्या फौजांना हरवलं. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव समोर, मोगलांकडून. आता यात राक्षस कोण, ते फाशाने ठरवा. खडकीतले पुरे मराठा सरदारांच्या नावाने वसले होते: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. पात्रं निवडताना कुणाची तरी भिंत कुणाला तरी लागूनच होती.

आमच्या टेबलावर गुलमंडीचा एक आहे, बुढीलेनचा एक आहे, बाकीचे सिडकोतले. मे २०१८ मध्ये जुन्या शहरात बेकायदा नळजोडण्या तोडण्यावरून वाद झाला आणि एका रात्रीत दंगल पेटली. दोघांचा जीव गेला, दुकानं जळाली. आमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. त्या रात्री कोण कुठल्या गच्चीवर होतं, ते सगळ्यांना पक्कं आठवतं. त्याबद्दल बोलत मात्र कुणी नाही. अशा टेबलावर मी नकाशाच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणणार, "इथे शत्रू राहतात"? तो चौकोन कुणाच्या तरी मोहल्ल्यावर पडणारच होता.

म्हणून आमच्या खेळात नहर तुंबते. गावाच्या एका भागाचं पाणी थांबलंय, कोतवालाने चार जणांना खाली पाठवलंय. माझा चुलतभाऊ सगळ्यात लहान, तलवार घेऊन तयार. "ताई, आत कुणाला मारायचंय?" मी म्हटलं, तू उतर तर खरं. आत त्याला पहिला भेटला तो गाळ उपसणारा म्हातारा. पिढीजात काम, सहा महिन्यांचा पगार थकलेला. पोराने फासा टाकला, वीसपैकी तीन पडले, आणि म्हाताऱ्याने त्याला चिखलात बसवून बराच वेळ आपली कर्मकहाणी ऐकवली. टेबलावर हसून हसून लोळण. पण शेवटी कोतवालाकडे म्हाताऱ्याची बाजू मांडायला तोच उभा राहिला.

गुणांचा नियमही बदललाय. नाण्यांऐवजी पाणी. ज्या हौदापर्यंत पाणी पोचवाल, तिथे भरणाऱ्या घागरी मोजायच्या, तेवढे गुण. नियम सांगितला तेव्हा सिडकोतली मैत्रीण म्हणाली, "मग आमच्याकडे कुणी मोठंच होणार नाही, आमचा नंबर शुक्रवारी येतो." जायकवाडीसारखं धरण उशाशी असून या शहराच्या कित्येक भागांत नळाला आठवड्याने पाणी येतं. टाकी भरायची म्हणून एकाला दर शुक्रवारी खेळ अर्धा टाकून पळावं लागतं, ते आता आम्ही खेळातच धरलंय. त्याचं पात्र तेवढा वेळ 'हौदावर गेलेलं' असतं.

आता गोष्ट दौलताबादला पोचली आहे. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी तुम्ही पाहिली असेलच: काळ्याकुट्ट वळणावळणाच्या बोगद्यातल्या पायऱ्या, वटवाघळांचा वास आणि हातातल्या मोबाइलचा टॉर्च. जगात खरोखरीचं डंजन म्हणता येईल अशी जागा आम्हाला पंधरा किलोमीटरवर फुकट मिळाली आहे. गंमत अशी की ती बांधली होती आमच्या टोळीसारख्यांसाठीच. बाहेरून शिरलेल्याने अंधारात दिशा हरवावी, पाय घसरून खंदकात पडावं, किंवा दबा धरून बसलेल्याच्या हाती लागावं. या भुयारातला घुसखोर म्हणजे खेळाडू, आणि आतला माणूस नोकरीवर आहे.

त्या नोकरीवर कुणाला बसवायचं यावर सध्या चर्चा चालू आहे. सूत्रधार म्हणून पहारेकरी माझ्याकडे असायला हवा, पण मी ते पात्र टेबलावर सोडलं. दोघांनी हात वर केले, बुढीलेनवाल्याने आणि माझ्या चुलतभावाने. दोघं मिळून पहारा देणार म्हणतात, एक वरच्या वळणावर, एक खालच्या. मशाल कुणाकडे राहणार यावर कालपासून ग्रुपवर चाळीस मेसेज झालेत.