तळटीप : कूपरचा ‘बिहोल्ड अ पेल हॉर्स’

मूळ लेखकाने ओझरता उल्लेखिलेला हा ग्रंथ मिल्टन विल्यम कूपर याचा असून तो अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झाला. नौदलाच्या चाकरीत असताना गोपनीय दप्तर आपल्या नजरेखालून गेले, आणि त्याच्या आधारे परग्रहवासीयांशी सरकारने केलेले करार, अध्यक्ष केनेडींवर त्यांच्याच मोटारचालकाने झाडलेली गोळी व एड्सचा बुद्धिपुरस्सर फैलाव आपण उघडकीस आणीत आहोत, असा कूपरचा दावा होता; ग्राह्य पुरावा मात्र त्याने एकाही बाबतीत दिला नाही. अत्यंत निंद्य गोष्ट ही की, ज्या ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’चा बनावटपणा लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच, मोरिस जोली याच्या १८६४ मधील उपरोधिक ग्रंथाशी ताडून, सिद्ध केला होता, तो यहुदीद्वेष्टा दस्तऐवज, ‘यहुदी’च्या जागी ‘इल्युमिनाटी’ (एक कथित गुप्त मंडळ) वाचावे एवढ्या सूचनेवर त्याने समग्र छापला. कूपर २००१ साली ॲरिझोनात, अटकेसाठी आलेल्या शेरीफच्या शिपायांशी झालेल्या गोळीबारात ठार झाला.

तथापि तुरुंगांतून व कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून हा ग्रंथ एवढ्या आस्थेने का वाचला गेला, हे समजण्यासाठी वाचकाने टस्कीगी येथील प्रकरण अवश्य ध्यानी घ्यावे : तेथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारच्याच आरोग्यखात्याने उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांस, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणार्थ उपचारावाचून ठेवले होते.