हिऱ्याचा दवाखाना आणि दाराची कडी

दानाचा इतिहास आपल्याकडे दगडात कोरलेला असतो. धर्मशाळेची पायरी असो, शाळेची भिंत असो की दवाखान्याचा वऱ्हांडा, कोणी, कोणाच्या स्मरणार्थ, किती रुपये दिले ते तिथे वाचायला मिळतं. आज ज्या दानाविषयी बोलायचं आहे, त्याची सुरुवात मात्र एका हिऱ्यापासून होते.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी पत्नी मेहेरबाईंना 'ज्युबिली' नावाचा हिरा भेट दिला होता. वजन २४५ कॅरट, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. १९२४ साली पोलाद कारखाना अडचणीत आला, पगाराला पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली; तिच्यात हा हिराही होता. कारखाना वाचला, हिरा परत आला. पण १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि वर्षभरात दोराबजीही गेले. मूल नव्हतं. सगळी मालमत्ता १९३२ साली न्यासाकडे आली, पुढे हिराही विकला गेला आणि त्याचे पैसे न्यासात जमा झाले. याच न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं.

आमच्या घरी रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो. जकात माणसाच्या हातात पडली पाहिजे, भिंतीत नाही, असं बहुतेक जाणकार सांगतात. भिंतीसाठी वक्फ आहे: मूळ मालमत्ता कायम ठेवायची आणि तिच्या उत्पन्नावर काम चालवायचं. दोराबजींचा न्यास या दुसऱ्या जातीचा. दानाचे हे दोन प्रकार ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

दान कितीही मोठं असलं तरी कर्करोगाच्या इस्पितळाचं पोट त्याहून मोठं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याने हाती घेतलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेलं. त्या खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंचे भाचे. आत्याच्या आठवणीतलं इस्पितळ भाच्याच्या खात्यात आलं. कादंबरीत असं लिहिलं तर वाचक म्हणेल, लेखकाने जुळवून आणलं.

विदर्भातला रोगी मुंबईला पोचला की पहिला प्रश्न असे तो डॉक्टरचा नाही, पथारीचा. इथे आठवण होते ती आमच्याच भागातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांची. दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा विचार त्यांनी केला आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. पुढे त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा तर कर्करोगाच्या गरीब रोग्यांचं दुसरं घरच झाली. परळचा इतिहास लिहिणाऱ्याने हिऱ्याबरोबर खराटाही मोजला पाहिजे.

जाता जाता एक. कवी गोविंदाग्रज, म्हणजे आपले गडकरी मास्तर, आजारपणात सावनेरला भावाकडे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी इथेच गेले. वय जेमतेम तेहतीस. त्या काळी दुखणाईत माणूस मोठ्या शहरातून लहान गावाकडे येई. आज उलट झालं आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि तो बोलताना जीभ जरा अडखळते. स्तन हा शब्द. लावणीने, शृंगारिक काव्याने या अवयवाला किती उपमा दिल्या याची गणती नाही. पण तिथे गाठ लागली तर घरात बोलायला शब्द नसतो. आमच्याकडची बाई 'छातीत' म्हणते, तेही जावेला, हळूच. आणि जाऊ म्हणते, "दुखत नाही नं, मंग राहू दे." या रोगाचा डाव नेमका इथेच असतो. सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो, मग परळची इमारत कितीही उंच असो.

म्हणून दानाचा पैसा इमारतीतून निघून दारापर्यंत जायला हवा होता. तो गेला, पण सावकाश. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम, परांडा या तीन तालुक्यांत माणसं गावोगाव फिरून नोंद घेऊ लागली आणि बायांना लक्षणंही सांगू लागली. नुसत्या सांगण्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा याच रोगासाठी मोठा अभ्यास झाला. त्यामागे गेट्स फाउंडेशनचं दान होतं.

स्तनाच्या कर्करोगासाठी असं काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ साली टाटा रुग्णालयाने सुरू केलं. पैशाला अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा आधार होता. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बाया निवडल्या. त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी झाली. यंत्र नाही, की मोठा डॉक्टर नाही. तपासणाऱ्या होत्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. वाढलेल्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण न तपासलेल्या गटात ४७ टक्के, तर तपासलेल्या गटात ३७ टक्के होतं. पन्नाशीपुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

या अभ्यासांवर टीका झाली. उरलेल्या निम्म्या बायांना रोगाची माहिती दिली, पण तपासलं नाही; हे न्याय्य आहे का, असं विचारलं गेलं. माझ्या मते प्रश्न रास्त आहे. तुलनेशिवाय पुरावा मिळत नाही, हे मला समजतं. पण तुलनेच्या त्या बाजूलाही कुणाची तरी आई होती. पैसा देणारा दूर असला की हा प्रश्न आणखी जोरात विचारावा लागतो.

आमच्या नागपूरला इमारतींची वाण नाही. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. महाराज स्वतः १९६८ साली कर्करोगानेच गेले. जामठ्याला डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारली. उपचाराच्या खर्चासाठी २०१२ साली सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी सरकारी योजना आहे. तुकडोजी महाराज मात्र खंजिरी घेऊन गावोगाव जात. त्यांच्या नावाच्या दवाखान्याकडे आज गावाने जायचं आहे.

गावात येते ती आशाताई. तीस वर्षांपुढच्या बायांची तपासणी व्हावी, असं सरकारने २०१६ साली ठरवलं. त्यासाठी आशाताई घरोघरी कागद भरते आणि त्यात स्तनातल्या गाठीचाही प्रश्न असतो. हा प्रश्न सासू, दीर, पोरं बसलेली असताना ओसरीवर विचारला, तर उत्तर एकच: 'नाही'. तोच प्रश्न आत चुलीपाशी, दाराला कडी घालून विचारायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाला कोणी देणगीदार नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही.

आणि बाईने 'हो' म्हटलं, तर पुढे सावनेरहून नागपूरचं एसटीचं तिकीट, तेही दोघींचं, आणि कापूस वेचणीची बुडालेली मजुरी. एकदा तपासणीला, एकदा रिपोर्टला, एकदा डॉक्टर नव्हते म्हणून. ही जकातीसारखी, सरळ हातात द्यायची रक्कम आहे. आमच्या तालुक्यात तिच्यासाठी कोणी निधी उभारल्याचं माझ्या अजून ऐकिवात नाही.