आरोपी पैसा : अमेरिकी महामार्गावरील जप्तीची कुळकथा

२००३ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, इंटरस्टेट ८० या महामार्गावर पोलिसांनी वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल एक भाड्याची गाडी अडवली. झडतीत एका कूलरमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली १,२४,७०० डॉलरची रोकड सापडली. अमली पदार्थ मात्र कुठेच मिळाले नाहीत. चालकाची सुरुवातीची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. पुढे न्यायालयात त्याची बाजू अशी मांडली गेली की, रेफ्रिजरेटेड ट्रक विकत घ्यायला तिघांनी मिळून हे पैसे जमवले होते. पोलिसांच्या श्वानाने गाडीपाशी इशाराही दिला आणि पैसे जप्त झाले. खालच्या न्यायालयाने मालकांच्या बाजूने दिलेला निकाल २००६ साली अपिलात दोन विरुद्ध एक मताने फिरला आणि रक्कम सरकारजमा झाली. या खटल्याचे अधिकृत नाव ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ असे आहे. म्हणजे प्रतिवादी माणूस नव्हता, नोटा होत्या. नोटांना निर्दोष मानले जाण्याचा हक्क नसतो आणि त्यांच्यासाठी सरकारी खर्चाने वकीलही उभा राहत नाही.

वस्तूवर खटला भरण्याची ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये एखाद्याच्या मृत्यूला कारण ठरलेली गाडी किंवा जनावर, नाहीतर त्याची किंमत, राजाकडे जमा होई. रेल्वे अपघातांत माणसे मरू लागली, ज्युरी इंजिनांवर मोठमोठ्या रकमा लादू लागल्या, तेव्हा १८४६ साली संसदेने ही प्रथाच मोडीत काढली. अमेरिकी जप्तीचा सरळ वारसा मात्र बंदरांतून येतो. जकात चुकवणारे जहाज आणि त्यावरचा माल जप्त करण्याची तरतूद पहिल्या काँग्रेसने १७८९ सालीच केली होती. १८२७ साली ‘पाल्मिरा’ या जहाजाच्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तत्त्व स्पष्ट केले : अशा प्रकरणांत मुख्य अपराधी वस्तू असते, त्यामुळे मालकावर आधी गुन्हा शाबीत होण्याची गरज नाही. त्या काळी यामागे व्यावहारिक कारण होते. मालक समुद्रापार, दुसऱ्या राजाच्या राज्यात असे. त्याला कोर्टात आणणे अशक्य असल्याने हाती लागलेल्या जहाजावरच दावा चाले. मालक आवाक्याबाहेर आहे, ही या कल्पनेची अट होती आणि माझ्या मते तिची मर्यादाही तीच होती.

विसाव्या शतकात ही मर्यादा पुसली गेली. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने करबुडव्या मद्याच्या वाहतुकीत पकडलेल्या एका मोटारीची जप्ती कायम केली. गाडी उधारीवर विकणाऱ्या कंपनीकडे अजून तिची मालकी होती आणि मद्याची तिला कल्पनाही नव्हती, तरी तिचे काही चालले नाही. समुद्रावरचा नियम अशा रीतीने रस्त्यावर आला. अमली पदार्थांविरुद्धच्या १९७० च्या कायद्यात १९७८ साली दुरुस्ती होऊन व्यवहारातला पैसाही जप्तीच्या कक्षेत आला. पण खरे वळण १९८४ चे. तोवर केंद्रीय जप्तीचे पैसे सर्वसाधारण तिजोरीत जात. नव्या कायद्याने त्यांच्यासाठी न्याय खात्याचा स्वतंत्र निधी उभारला आणि कारवाईत मदत करणाऱ्या स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची सोय केली. त्याच वर्षी ‘ऑपरेशन पाइपलाइन’ सुरू झाले. महामार्गावर संशयित गाड्या कशा हेरायच्या, याचे प्रशिक्षण त्यातून राज्याराज्यांतल्या पोलिसांना मिळू लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडला असेल तर गाडी थांबवण्यामागचा पोलिसाचा अंतस्थ हेतू तपासला जाणार नाही. सिग्नल न देता लेन बदलणे एवढेही मग पुरेसे ठरले.

जप्त करणाऱ्याच्याच हाती जप्तीचा पैसा गेला की पोलिसी कामाची दिशा बदलते. टेनेसीत इंटरस्टेट ४० वर अमली पदार्थ साधारणपणे पूर्वेकडे जातात आणि त्यांचे पैसे पश्चिमेकडे परततात. स्थानिक वृत्तवाहिनीच्या तपासात दिसले की, पोलिसांचा भर पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांवर होता. माल आत येऊ देऊन पैसा बाहेर जाताना पकडणे, हे गुन्हा रोखणे नव्हे. २०१४ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने केंद्रीय वाटपाच्या नोंदी तपासल्या. सप्टेंबर २००१ नंतर वॉरंट किंवा आरोपपत्राशिवाय झालेल्या रोख जप्तींची संख्या ६१,९९८ आणि एकूण रक्कम अडीच अब्ज डॉलर निघाली. त्यांपैकी जेमतेम एक षष्ठांश जप्तींना आव्हान दिले गेले.

या पद्धतीचे समर्थक बिनबुडाचे बोलत नाहीत. तस्करांच्या टोळ्या रोख पैशावर चालतात, म्होरके परदेशात बसतात आणि पकडलेला वाहक ‘हे पैसे माझे नाहीतच’ म्हणतो. अशा वेळी खटला चालवायचा कोणावर? हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर मर्यादित आहे. ज्या पैशावर कोणी हक्कच सांगत नाही, तो बेवारस म्हणून जमा करता येतो. गाडीच्या स्टिअरिंगमागे बसून ‘पैसे माझे आहेत’ म्हणणारा माणूस समोर असताना, मालक समुद्रापार आहे असे धरून चालण्याचे कारण उरत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, २००० सालच्या सुधारणा कायद्याने पुराव्याची जबाबदारी सरकारवर टाकली आणि निरपराध मालकाला संरक्षण दिले, तेव्हा ज्याचा पैसा खरा त्याने कोर्टात यावे. पण पुराव्याचे माप फौजदारी खटल्याइतके कडक नाही, निव्वळ पारडे किंचित झुकले तरी पुरते. शिवाय दोन-चार हजार डॉलर सोडवायला वकिलालाच तितके पैसे मोजावे लागत असतील, तर साधा माणूस ते सोडूनच देणार. आव्हान न देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

पर्याय आहे आणि तो वापरूनही पाहिला गेला आहे. न्यू मेक्सिकोने २०१५ साली दिवाणी जप्ती, म्हणजे गुन्हा शाबीत न होता वस्तूवर दावा लावून होणारी जप्ती, रद्द केली. तिथे आता आधी गुन्हा शाबीत व्हावा लागतो आणि जप्तीचा पैसा राज्याच्या सर्वसाधारण निधीत जातो. नेब्रास्काने २०१६ साली आणि मेनने २०२१ साली दिवाणी जप्ती बंद केली. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराने मात्र राज्याच्या बंदीनंतरही आपली गाडीजप्ती चालूच ठेवली होती. २०१८ साली केंद्रीय न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवताना, शहराला या जप्तीतून मिळणारा आर्थिक लाभ हेच एक कारण दिले. २०१९ साली इंडियानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेसुमार दंडावरची घटनात्मक बंदी राज्यांनाही एकमताने लागू केली. त्या प्रकरणात जप्त झालेल्या गाडीची किंमत, गुन्ह्यासाठी होऊ शकणाऱ्या कमाल दंडाच्या चौपटीहून अधिक होती. २०२४ साली मात्र त्याच न्यायालयाने, गाडी अंतिम निकालापर्यंत पोलिसांकडेच राहावी की नाही यासाठी वेगळी प्राथमिक सुनावणी घेणे बंधनकारक नाही, असे ठरवले. म्हणून केवळ न्यायालयांवर भिस्त ठेवून भागणार नाही. राज्याने कायदा कितीही कडक केला तरी केंद्राच्या वाट्याची वाट खुली असेल, तर पोलीस त्या वाटेने जाऊ शकतात. १९८४ साली काँग्रेसने जोडलेली ही कडी काँग्रेसनेच तोडली पाहिजे. ती तुटल्यावरही ज्या जप्त्या पोलिसांना आवश्यक वाटतील, त्यांचे समर्थन गुन्ह्याच्या पुराव्यावर करता येईल. त्यातून मिळणाऱ्या पैशावर ते उभे राहणार नाही.