आगबोटीवरचा शेजारधर्म



नागपूरहून समुद्र गाठायचा म्हणजे आठशेहून अधिक किलोमीटरांची रेल्वेची वाट. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडच्या खेड्यांत समुद्र कधीच न पाहिलेली पुष्कळ मंडळी आहेत. तेव्हा आगबोटीवर कसे राहावे, कसे वागावे, हा विषय इथे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आगबोट म्हणजे तरी काय? पाण्यावर तरंगणारे एक गावच. मात्र या गावात शेजाऱ्याशी पटले नाही, म्हणून उठून सोयऱ्याच्या गावी जाता येत नाही. मुक्काम येईपर्यंत सगळ्यांना एकाच छपराखाली, एकाच फळीवर नांदावे लागते. अशा गावाचे नियम कसे ठरले आणि आपली माणसे ते कशी शिकली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

हे नियम दोन जातींचे आहेत, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घेऊ या. एक शिष्टाचार आणि दुसरी शिस्त. कोणता पोषाख घालावा, हाताने जेवावे की काट्याचमच्याने, हा झाला शिष्टाचार. तो देशागणिक बदलतो, काळागणिक बदलतो. शिस्तीचे मात्र तसे नाही. ती सर्वांच्या जिवाशी बांधलेली असते. आपल्या जुन्या प्रवाशांची पुष्कळशी चिंता पहिल्या गोष्टीपायी खर्च झाली. दुसरीची किंमत कळायला मोठे अपघात घडावे लागले.

शिडाच्या जहाजांच्या काळी आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस जायला कित्येक महिने लागत. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी बोट मुंबईहून सुएझला गेली, तेव्हा तेवढ्याच टप्प्याला सुमारे महिना लागला. पुढे १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास येऊन पोचली आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. म्हणजे तीन वर्षांच्या आत नागपूरच्या माणसालाही विलायत जवळ आली. गाडीने मुंबई, तिथून आगबोट, आणि साधारण तीन आठवड्यांत लंडन. वकिलीला, डॉक्टरीला, सरकारी परीक्षांना जाणाऱ्या तरुणांची रीघ हळूहळू सुरू झाली.

पण वाट सोपी झाली तरी मन कुठे सोपे झाले होते? समुद्रयात्रा करून आलेल्या द्विजाला पंक्तीला घेऊ नये, असा कलिवर्ज्यांचा दाखला शास्त्री मंडळी देत. गंमत अशी, की ज्या महाराष्ट्रात शिवाजी महाराजांनी आरमार उभारले आणि कान्होजी आंग्र्यांनी ते गाजवले, त्याच महाराष्ट्रात हा वाद चालला होता! कोळी, भंडारी, खारवी यांचा तर संसारच समुद्रावरचा. वरच्या वर्णांची खरी अडचण खाऱ्या पाण्याची नव्हतीच. बोटीवर स्वयंपाक कोण करणार, पाणी कोणाच्या हातचे प्यायचे आणि शेजारी कोण जेवायला बसणार, हे तिचे मूळ होते.

ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी आपले घरच बोटीवर नेले. जयपूरचे महाराजा माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडास निघाले, तेव्हा त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाची आगबोट भाड्याने घेतली आणि प्रचंड मोठ्या चांदीच्या घड्यांत गंगाजल भरून बरोबर नेले. ते घडे जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतात. पण असा इलाज राजालाच परवडणार. सामान्य माणसाने काय करावे?

त्याचे उत्तर एका तरुण मुलीने दिले. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेला प्रयाण केले, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. बरोबर पती नाही, आप्त नाही. सोबत होती ती परक्या धर्माच्या मिशनरी स्त्रियांची. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. साडी आणि शाकाहार सोडायचा नाही हे ठरलेले होते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. आपले व्रत आपण पाळावे, पण त्याचा भार शेजाऱ्यावर टाकू नये आणि त्यासाठी अंग चोरूनही बसू नये, ही रीत आनंदीबाईंसारख्या प्रवाशांनी घालून दिली.

अंग चोरून बसण्याचे उदाहरण हवे असेल तर ते महात्मा गांधींचे आहे, आणि ते त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितले आहे. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून निघाले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. इंग्रजी बोलण्याची सवय नाही, काटेसुरी कशी धरायची ठाऊक नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही. मग काय, जेवणाच्या मेजावर ते गेलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खोलीतच बसून खात राहिले. त्यांच्याच खोलीत जुनागडचे एक वकील होते. ते साऱ्या बोटीवर मोकळेपणाने हिंडत आणि या लाजाळू मुलाला, अरे, लोकांत मिसळ, म्हणून सांगत.

पुढची हकीकत शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. बोटीवर स्नानाला समुद्राचेच पाणी मिळे. खाऱ्या पाण्यात साबण विरघळत नाही. परंतु साबण लावणे हे सभ्यतेचे लक्षण, अशा समजुतीने गांधींनी तो लावलाच. अंग स्वच्छ व्हायचे ते उलट चिकट झाले आणि त्यांना गजकर्ण उठले! शिष्टाचार कशासाठी आहे ते न समजता तो नुसता उचलला, तर असे होते. लंडनला पोचल्यावर डॉक्टर प्राणजीवन मेहतांनी त्यांना सभ्यतेचे पहिले पाठ दिले: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्याच भेटीत खाजगी चौकशा करू नयेत, मोठमोठ्याने बोलू नये. पाहा, यात काट्याचमच्याचा उल्लेखही नाही. हे तीन नियम आगबोटीला लागू, रेल्वेच्या डब्याला लागू, आणि धर्मशाळेलाही लागू.

हेच गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने निघाले, तेव्हा पंचाच नेसून होते. आता लाज कुठल्या कुठे गेली होती. बरोबरच्या मंडळींनी पेट्यांवर पेट्या घेतल्या आहेत असे पाहून ते रागावले आणि बरेचसे सामान एडन बंदरातून परत पाठवायला लावले. बोटीवरची खोली म्हणजे आपल्याकडची कोठीची खोली समजा. तीत चार माणसांचे सामान शिरले की माणसांना जागा उरत नाही. तेव्हा सामान थोडे न्यावे, हा प्रवासाचा पहिला धडा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. इंग्लंडच्या त्या जुन्या प्रवासी बोटी विमानांपुढे टिकल्या नाहीत. १९७० नंतरच्या काही वर्षांत ती वाहतूक जवळजवळ संपली. पण मुंबई बंदरातून सहलीच्या मोठ्या आगबोटी आता सुटू लागल्या आहेत, आणि आपल्या गावचा एखादा मुलगा किंवा निवृत्त गुरुजी त्यांवर जाणारच नाहीत असे थोडेच आहे?

शाकाहारी माणसाने तिकीट काढतानाच तसे कळवावे. मेजावर बसल्यावर तोंड वाकडे करू नये. काटा धरता येत नसेल तर शेजाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. पंक्तीत हवे तेवढेच वाढून घेण्याची आपली जुनी रीत तिथेही चालवावी. गच्चीवरच्या खुर्चीवर सकाळीच टॉवेल टाकून ती दिवसभर अडवू नये. खोल्यांच्या भिंती पातळ असतात, म्हणून रात्री बोलणे हळू ठेवावे. एकाला पोटाचा विकार झाला तर तो बोटभर पसरायला वेळ लागत नाही, म्हणून जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. आता बोटीवर समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडतात, तेव्हा गांधींसारखी फजिती व्हायची नाही! बोट लागू लागली, म्हणजे मळमळू लागले, तर खोलीत कोंडून घेऊ नये. बोटीच्या मध्यभागी हेलकावे कमी असतात. तिथे उघड्या हवेत बसून दूर क्षितिजाकडे नजर लावावी आणि हलके, कोरडे काही खावे. जिन्यावरून चालताना एक हात नेहमी कठड्याला असावा. कागद, प्लास्टिक समुद्रात टाकू नये.

बोट पश्चिमेकडे जाऊ लागली की घड्याळे मधूनमधून मागे करतात. रेखांशाच्या दर पंधरा अंशांना एक तास. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, म्हणून ग्रीनिचपर्यंत साडेपाच तास मागे जावे लागतात. भूगोलाच्या तासाला हे गणित घालून पाहा.

आणखी एक गोष्ट. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर साहेब आरामात बसत. पण त्या चालवणारे हात बरेचसे आपल्याच माणसांचे होते. सारंग आणि खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे, जेवणघरात वाढणारे पुष्कळसे गोव्याचे. त्यांची नावे प्रवासवर्णनांतून क्वचितच सापडतात. आजही बोटीवर आपला बिछाना घालणारा, ताट उचलणारा माणूस सहा-सहा, आठ-आठ महिने घरापासून दूर असतो. त्याला टाळी वाजवून बोलावू नये, नावाने हाक मारावी, आभार मानावेत.

इथवर झाला शिष्टाचार. आता शिस्तीकडे वळू.

१९१२ च्या एप्रिलात ‘टायटॅनिक’ ही बोट हिमनगावर आपटून बुडाली. बोटीवर सुमारे २२०० माणसे, आणि जीवरक्षक होड्यांत जागा ११७८ जणांची. तीही पुरती वापरली गेली नाही. कित्येक होड्या अर्धवट रिकाम्याच सुटल्या. सुमारे १५०० माणसे गेली. मेजवानीला कोणता पोषाख घालावा याचे नियम त्या बोटीवर काटेकोर होते. संकटात कोणी कोणत्या होडीशी उभे राहावे, याचा सराव मात्र उतारूंना दिलेला नव्हता. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला आणि बोटीवरच्या प्रत्येकासाठी होडीत जागा हवी असे ठरले. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या काही उतारूंचा सराव व्हायचा होता. म्हणून आता बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच सराव घ्यावा लागतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण. त्या सरावाला कंटाळून खोलीत झोपून राहू नये.

पण इतक्या दूर कशाला जायचे? १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढी अमावास्येच्या सुमारास ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. उतारू खच्चून भरलेले. वादळी समुद्रात एक मोठी लाट आली, बोट एका बाजूस कलली. जीव वाचवण्यासाठी माणसे दुसऱ्या बाजूस धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईस बातमी पोचायलाही काही तास लागले. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत अनेकांना ओढून घेतले, म्हणून तेवढी तरी वाचली. ज्यांच्याशी समुद्रयात्रेच्या वादात कोणी सल्लामसलत केली नव्हती, तेच वेळेला धावले.

गुरुजनहो, हा अपघात मुलांना समजावून द्यायचा असेल तर घंगाळात पाणी घ्या, त्यावर एक थाळी तरंगवा आणि तिच्यात चिंचोके सारखे पसरा. थाळी स्थिर राहील. मग सगळे चिंचोके एकदम एका काठाला लोटा. थाळीत पाणी शिरलेले मुलांना दिसेल. चिंचोके तेवढेच होते, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

आणि हा धडा केवळ समुद्राचा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याच वर्धा नदीवर, अमरावती जिल्ह्यातल्या झुंज येथे नाव उलटली आणि एकमेकांच्या नात्यातली अकरा माणसे गेली. वैनगंगेवर, वर्ध्यावर, धरणांच्या फुगवट्यावर आजही माणसे डोंग्याने पलीकडच्या शेतात, बाजाराला, दर्शनाला जातात. डोंग्याला भोंगा नसतो, कप्तान नसतो. तिथे नियम आपणच करायचे. नावाडी म्हणेल त्याहून एकही माणूस जास्त चढवायचा नाही. चढल्यावर खाली बसायचे, उभे राहायचे नाही. नाव डोलली तर जागा सोडायची नाही. पाणी चढलेले असेल तर त्या दिवशी काम राहू द्यायचे. जीवरक्षक जाकिटे ग्रामपंचायतीने घेऊन ठेवली तर फारच उत्तम. ‘अहो, आणखी एक जण मावेल’ असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे आपल्याला संकोचाचे वाटते, कारण तो आपलाच सोयरा असतो. पण तिथे त्याला थांबवणे हाच खरा शेजारधर्म आहे. पुढच्या खेपेला नावाडी त्याला घेऊन जाईल.