चॉकलेट : कडू बीपासून गोड वडीपर्यंत

माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या परिचयाच्या दोन झाडांपैकी चिकूने पालघर-डहाणूच्या मातीत मूळ धरले, तर कोकोने जगाची बाजारपेठ काबीज केली. या दुसऱ्या झाडाच्या कडू बियांची वडी कशी झाली, तिच्या मोलाचा वाटा कोणाच्या पदरात पडला आणि त्यातून चिकूच्या बागायतदाराला काय घेता येईल, याचा हा आढावा.

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी आणि डहाणू या पट्ट्यातील किराणा दुकानांत चॉकलेट आणि च्युइंगम शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि गावाबाहेर चिकूच्या वाड्या पसरलेल्या असतात. या तिन्ही वस्तूंचा इतिहास मेक्सिको व मध्य अमेरिकेपर्यंत जाऊन पोहोचतो. चिकूच्या झाडाचा चीक वाळवून तेथील लोक चघळत असत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याच चिकापासून च्युइंगमचा उद्योग उभा राहिला. चॉकलेट हा शब्दही मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेला.

देवांचे अन्न

कोकोचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील. इक्वेडोरमधील सांता आना-ला फ्लोरिडा येथील उत्खननात सापडलेल्या भांड्यांवर कोकोचे अंश आढळले असून ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधकांनी २०१८ मध्ये जाहीर केले. मात्र बिया भाजून, वाटून त्यांचे पेय करण्याची परंपरा मध्य अमेरिकेत विकसित झाली. माया आणि अ‍ॅझ्टेक लोक त्यात मक्याचे पीठ, मिरची व व्हॅनिला मिसळत आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून त्याला फेस आणत. कोकोच्या बिया चलन म्हणूनही वापरल्या जात. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला 'थिओब्रोमा' म्हणजे 'देवांचे अन्न' असे नाव दिले.

स्पॅनिश लोकांनी हे पेय सोळाव्या शतकात युरोपात नेले. तेथे त्यात साखर पडली आणि मिरची मागे पडली. १६५७ मध्ये लंडनमध्ये पहिले चॉकलेटगृह उघडले. त्याच सोळाव्या शतकात तारापूर, माहीम, वसई हा किनारा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला होता. त्यांच्या जहाजांतून काजू, अननस, पेरू ही अमेरिकी झाडे पश्चिम किनाऱ्यावर आली. कोको मात्र त्यांच्यासोबत येथे रुजला नाही. फळातून काढलेले कोकोचे बी थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते, हे त्याचे एक कारण मानता येईल. भारतात कोकोची लागवड प्रथम झाली ती १७९८ मध्ये, तमिळनाडूतील कुर्तालम येथे, ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रयत्नाने.

पेयाची वडी झाली

तीन शतके चॉकलेट हे प्यायचेच पेय होते. ते खाण्याजोगे झाले ते यंत्रयुगात. हॉलंडमधील व्हान हाउटेन यांनी १८२८ मध्ये कोकोच्या लगद्यातील चरबी दाबयंत्राने वेगळी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या चरबीला 'कोको बटर' म्हणतात. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये कोकोची भुकटी, साखर आणि हेच कोको बटर एकत्र करून साच्यात ओतलेली वडी बाजारात आणली. स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांनी १८७५ मध्ये दुधाचे चॉकलेट तयार केले. १८७९ मध्ये रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेटचा लगदा दीर्घकाळ घोटण्याची 'काँचिंग' ही पद्धत शोधली आणि जिभेवर विरघळणारे मुलायम चॉकलेट अस्तित्वात आले.

या गोडव्याला काळी बाजूही होती. पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावरील कोको मळ्यांत गुलामगिरीसदृश पद्धतीने मजूर राबविले जात असल्याचे उघड झाल्यावर कॅडबरीसह ब्रिटिश कंपन्यांनी १९०९ मध्ये तेथील कोकोवर बहिष्कार टाकला. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तेथील मळ्यांतील बालमजुरीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

चॉकलेट कसे तयार होते?

कोकोच्या एका फळात साधारण ३० ते ४० बिया असतात. त्यांच्याभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. ताजे बी कडू व तुरट लागते; त्याला चॉकलेटचा वास नसतो. फळ फोडल्यावर गरासह बियांचा ढीग करून तो केळीच्या पानांनी झाकतात किंवा लाकडी पेटाऱ्यांत भरतात. पाच ते सात दिवस ढीग आंबतो, त्यातील उष्णता ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि बियांमध्ये पुढे स्वाद देणारी द्रव्ये तयार होतात. मग बिया उन्हात वाळवतात. ही दोन्ही कामे शेतकऱ्याच्या अंगणातच होतात आणि ती बिघडली तर पुढचे कोणतेही यंत्र स्वाद परत आणू शकत नाही.

कारखान्यात बिया भाजून, टरफले पाखडून गर दळतात. गरात निम्म्याच्या आसपास चरबी असल्याने दळताना त्याचा पातळ लगदा होतो. त्यात साखर, दूध-भुकटी व जादा कोको बटर मिसळून ते मिश्रण जिभेला कण जाणवणार नाहीत इतके बारीक दळतात आणि तासन्‌तास घोटतात. शेवटी 'टेंपरिंग' होते. म्हणजे मिश्रण ठरावीक तापमानांना थंड-गरम करून कोको बटरचे योग्य स्फटिक तयार केले जातात. त्यामुळे वडीला चकाकी येते आणि ती कटकन तुटते. अशी वडी सुमारे ३४ अंशांना वितळते. साहजिकच कोकणच्या उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि पुन्हा थंड झाल्यावर तिच्यावर पांढुरका थर दिसतो. तो बुरशीचा नसून वर आलेल्या चरबीचा असतो आणि अपायकारक नसतो.

घरगुती चॉकलेट करणाऱ्या अनेक गृहिणी 'कंपाउंड' या नावाने मिळणाऱ्या लाद्या वापरतात. त्यांत कोको बटरऐवजी अन्य वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून टेंपरिंगची गरज पडत नाही. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार चॉकलेटमध्ये अशी चरबी पाच टक्क्यांपर्यंतच चालते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्यास हा भेद कळतो.

ठाण्याची 'कॅडबरी'

कॅडबरी कंपनीने १९४८ मध्ये भारतात पाऊल ठेवले. प्रारंभी माल आयात होत असे. पुढे ठाण्यात पोखरण रस्त्यावर आणि मावळातील इंदुरी येथे कारखाने उभे राहिले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणजे चॉकलेटचा एक मोठा कारखाना जिल्ह्याच्या मुख्यालयीच होता. ठाण्यातील 'कॅडबरी जंक्शन' हे नाव त्याचीच आठवण आहे. मराठी घरांत तर कोणत्याही वडीला 'कॅडबरी' आणि कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोळीला 'चॉकलेट' म्हणण्याची रीत पडली.

ऑक्टोबर २००३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईतील काही वड्यांत अळ्या आढळल्या. कंपनीने दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखविले, तर प्रशासनाने वेष्टनातील उणिवेकडे. २००४ च्या प्रारंभी वेष्टन बदलण्यात आले.

पुत्तूरचा धडा

कॅडबरीने १९६५ पासून केरळात कोको लागवडीस चालना दिली. केरळ व कर्नाटकातील अनेक सुपारी आणि नारळ बागायतदारांनी आंतरपीक म्हणून कोको लावला. सत्तरचे दशक संपता संपता भाव कोसळले आणि खासगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला. तेव्हा सुपारी उत्पादकांनी १९७३ मध्ये स्थापन केलेली 'कॅम्पको' ही सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली. केवळ खरेदीवर न थांबता तिने १९८६ मध्ये कर्नाटकातील पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोने टनाला १२ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला आणि त्यानंतर भाव पुन्हा घसरले. अशा चढउतारात टिकायचे तर प्रक्रिया उत्पादकाच्या हाती असणे किती मोलाचे, हे पुत्तूरच्या उदाहरणावरून दिसते.

पालघरपुढील प्रश्न

मग पालघरमध्ये कोको पिकेल काय? या झाडाला सावली, दमट हवा आणि वर्षभर ओलावा लागतो. केळवे-माहीम, चिंचणीच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत सावली आहे, पण पाऊस चारच महिन्यांचा आहे. उरलेले आठ महिने सिंचनाची हमी असल्याखेरीज हे पीक येथे धरणे धाडसाचे ठरेल.

त्याहून निकडीचा प्रश्न येथे आधीच रुजलेल्या झाडाचा आहे. एकोणिसावे शतक संपता संपता घोलवड परिसरात आलेल्या चिकूला २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. केंद्र सरकारच्या २०२१ मधील माहितीनुसार जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टर क्षेत्र चिकूखाली होते. त्याच वर्षी येथील चिकू ब्रिटनलाही रवाना झाला. परंतु कोकोचे वाळलेले बी महिनोन्‌महिने टिकते, तर पिकलेला चिकू जेमतेम काही दिवस. त्यामुळे मालाची आवक वाढली की मिळेल त्या भावाला फळ द्यावे लागते. चिकूच्या चकत्या वाळवणे, त्यांची भुकटी करणे, वाइन बनवणे हे उद्योग या भागात सुरू झाले आहेत, पण मुख्य व्यवहार अजूनही ताज्या फळाचाच आहे.

औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांनी गजबजलेली तारापूरची औद्योगिक वसाहत या वाड्यांपासून फार दूर नाही. यंत्रे, वीज आणि कुशल कामगार यांची या परिसराला ओळख आहे. पुत्तूरच्या बागायतदारांनी जे कोकोबाबत केले, ते चिकूबाबत करायचे तर वाळवणी, साठवण आणि विक्री यांची साखळी उत्पादकांच्या सहकारातून उभी राहावी लागेल. कोकोच्या इतिहासात बी पिकवणारा आणि वडी विकणारा यांच्यात जे अंतर पडले, ते येथे पडू द्यायचे नसेल तर त्याला दुसरा मार्ग नाही.